नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी) आणलेलं छोटं ऑसिलोस्कोप किट, सिग्नल्स शिकणाऱ्यांसाठी (तीन महिने वापरून)

ऑसिलोस्कोप, थोडक्यात स्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते स्क्रीनवर लाटेसारखं दाखवणारं यंत्र. धाकट्या बहिणीसाठी मार्चमध्ये घेतलं होतं, आता जून लागला. रोज नाही पण आठवड्यातून तीन-चार दिवस तरी आम्ही दोघं वापरून राहिलो, म्हणून आता नीट लिहू शकतो. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, सिग्नल्सचा पेपर असेल तर डोळे मिटून घ्या, रिपेअरिंगच्या धंद्यासाठी पाहिजे असेल तर घेऊ नका. का ते खाली सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.

बहीण इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला आहे आणि या सेमला तिला सिग्नल्स अँड सिस्टिम्स होतं. मी डिप्लोमा करून हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलो, त्यामुळे हा विषय मी असा कधी शिकलो नाही, पण स्कोप रोज हाताळतो. फेब्रुवारीच्या अखेरीस एक दिवस ती पाठ करून राहिली होती, सिग्नल म्हणजे स्वतंत्र चलाचं असं फलन की ज्यात माहिती असते, कंटिन्युअस टाइम, डिस्क्रीट टाइम, इव्हन, ऑड, पिरिऑडिक, सगळ्या व्याख्या तोंडपाठ. मी सहज विचारलं की तू आयुष्यात एक तरी सिग्नल डोळ्याने पाहिला का, तर म्हणे, "दादा, लॅबमध्ये आहे ना स्कोप, पण आठ जणांची बॅच असते, नॉब एकाच्याच हातात, आम्ही रीडिंग उतरवून घेतो." मला फार वाईट वाटलं ते ऐकून. ज्या विषयात सगळं काही पाहण्यावर आहे तो विषय ही मुलं न पाहताच पास होतात. त्या रविवारीच नागपूर मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने सीताबर्डीला गेलो आणि किट घेऊन आलो.

बर्डीवर पार्ट्सच्या दुकानांत हे दोन प्रकारे मिळतं, एक तयार सोल्डर केलेलं आणि एक सुटे पार्ट्स. मी सुटं घेतलं, दीड हजाराच्या आत पडलं. दुकानदार भाऊने स्वतःहून सांगितलं की अ‍ॅडॉप्टर यात येत नाही, नऊ व्होल्टचा वेगळा घ्यावा लागेल, प्रामाणिकपणे सांगितलं ते आवडलं. पत्रकावर लिहिलंय ते असं: एकच चॅनल, सेकंदाला १० लाख सॅम्पल (म्हणजे व्होल्टेज तितक्या वेळा मोजतं), बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ (साधारण इथपर्यंतचंच नीट दाखवतं), व्होल्टेजचा आकडा करणारा १२ बिटचा कन्व्हर्टर, इनपुटला जास्तीत जास्त ५० व्होल्ट पीक (म्हणजे लाटेचा माथा), आणि २.४ इंचाचा रंगीत स्क्रीन. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामात येतात.

जोडायला आम्हाला दोन रविवार लागले. रेझिस्टर पुष्कळ आहेत आणि निळ्या बॉडीवर रंगाचे पट्टे ओळखू येत नाहीत, तपकिरी की लाल की नारिंगी सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच लावा, अंदाजाने लावलात तर नंतर शोधत बसाल. एक जंपर (दोन पॉइंट जोडणारा तुकडा) असा आहे की तो आधी जोडायचा नाही, पहिले सप्लाय देऊन एका पॉइंटवर ३.३ व्होल्ट येतात का ते मोजायचं, आले तरच जंपर सोल्डर करायचा. सूचनेचा कागद इतक्या बारीक अक्षरात आहे की आम्ही मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचला. आमच्या पाकिटात एक कॅपॅसिटर कमी निघाला, दुकानात नेऊन दाखवला तर त्याने न कुरकुरता दुसरा दिला. सगळ्यात शेवटी दोन छोटे ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचे कॅपॅसिटर) आहेत ते फिरवून बोर्डावरच्या १ किलोहर्ट्झच्या टेस्ट सिग्नलचे कोपरे चौकोनी करायचे असतात, हे अनेक जण करतच नाहीत आणि मग म्हणतात वेव्ह वाकडी दिसते.

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा चालू केल्यावर बहिणीने प्रोबची (स्कोपला सिग्नल देणाऱ्या वायरची) लाल क्लिप नुसती बोटात धरली, कशालाच जोडली नाही, आणि स्क्रीनवर लाट उभी राहिली. ती दचकलीच. म्हणे दादा मला करंट लागून राहिला का. मी म्हटलं नाही, मोज, एका लाटेला किती वेळ लागतो. स्क्रीनवरच्या जाळीतलं एक घर ५ मिलिसेकंदांचं होतं, एक लाट चार घरांत बसली. वीस मिलिसेकंद. एकाला ०.०२ ने भाग. पन्नास! तो तिचा चेहरा मी विसरणार नाही. भिंतीतल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची मेन्स आपल्या अंगाशी कपॅसिटिव्ह कपलिंगने, म्हणजे तार न लागता मधल्या हवेतूनच, जोडलेली असते, अंग एखाद्या अँटेनासारखं वागतं, आणि एवढा बारीक सिग्नल या स्कोपच्या १ मेगाओहमच्या इनपुटला पुरतो. टी म्हणजे पिरियड (एका लाटेचा वेळ), एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लाटा), एफ बरोबर एक भागिले टी, हे तिला शाळेपासून येत होतं, पण स्वतःच्या बोटातून निघालेलं पन्नास तिने त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कृपया मनावर घ्या. हा प्रोब सॉकेटमध्ये कधीही घालायचा नाही. आपले २३० व्होल्ट हे आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आहेत, पीक ३२५ च्या आसपास जातो आणि याची मर्यादा ५० ची आहे, वर ग्राउंडची क्लिप फेजच्या (जिवंत) तारेला लागली तर जिवाशी खेळ. मेन्सचा आकार पाहायचा असेल तर छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. आम्ही सहा-शून्य-सहाचा (मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना सहा-सहा व्होल्ट देणारा) घेतला, त्याची प्रायमरी (मेन्सची बाजू) मी स्वतः नीट इन्सुलेट करून प्लास्टिकच्या डबीत बंद केली आणि तारा फक्त सेकंडरीच्या (सहा व्होल्टच्या बाजूच्या) बाहेर काढल्या.

त्या ट्रान्सफॉर्मरनेच आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. लोड नसताना सहाच्या ठिकाणी ६.९ व्होल्ट आरएमएस दाखवलं, ते ठीक, छोट्या ट्रान्सफॉर्मरचं तसंच असतं. बहिणीने लगेच १.४१४ ने गुणून पीक काढला, पावणेदहाच्या जवळ यायला पाहिजे. स्क्रीनवर ९.४ च. आणि नीट पाहिलं तर लाटेचा माथा गोल नाही, चपटा, जसं कुणी वरून तळहाताने दाबलं. आम्हा दोघांनाही वाटलं की किट बोगस आहे. मी दुसऱ्या दिवशी तोच ट्रान्सफॉर्मर कंपनीत नेऊन तिथल्या मोठ्या स्कोपवर लावला, तिथेही माथा चपटाच. म्हणजे किट खरं बोलत होतं, आपल्या घरातली साइन वेव्हच पुस्तकातली साइन वेव्ह नाही. कारण असं की टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइलचे चार्जर, एलईडी बल्ब यांतल्या बऱ्याच उपकरणांमध्ये आत रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि कॅपॅसिटर असतो, ते करंट सतत घेत नाहीत, व्होल्टेज माथ्याला आलं की तेवढ्यापुरतं ओढतात, सगळ्यांनी एकदम माथ्यावर ओढलं की माथा बसतो.

याच्यावरून फुरिये या फ्रेंच गणितज्ञाची कल्पना समजावणं किती सोपं गेलं म्हणून सांगू. मी तिला म्हटलं, ही चपटी लाट ५० हर्ट्झचीच आहे, दर वीस मिलिसेकंदाला तंतोतंत परत येते, मग ती साइन का नाही? तर तिने वहीवर ५० च्या साइनमध्ये १५० ची थोडीशी साइन मिळवून काढून पाहिली आणि माथा आपोआप बसला. पिरिऑडिक असणं आणि साइन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठलीही पिरिऑडिक लाट ही मूळ फ्रिक्वेन्सी आणि तिच्या पटीतल्या साइन मिळून बनते, एवढाच तर मुद्दा आहे. टेस्ट सिग्नलची चौकोनी लाट घ्या, त्यात पहिली, तिसरी, पाचवी, सातवी अशा विषम हार्मोनिकच (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या साइन) असतात आणि त्यांची उंची एक तृतीयांश, एक पंचमांश अशी उतरत जाते. फुरियेने १८२२ मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं ते विजेसाठी नाही, उष्णतेसाठी, हे मला यावेळी वाचताना कळलं.

आणि उष्णतेचं उदाहरण नागपूरकराला वेगळं द्यायला लागतच नाही. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. मे महिन्यात दुपारी दोन-तीनला ऊन कडक असतं तेव्हा खोली तापते ती तापतेच, पण छताला हात लावून पाहिलं तर खरा चटका रात्री नऊ-दहाला बसतो. आई रोज म्हणते "रात्री स्लॅब ओकते". बहिणीला मी म्हटलं, हीच तुझी सिस्टिम. वरून पडणारं ऊन म्हणजे इनपुट, आतल्या छताचं तापमान म्हणजे आउटपुट, पिरियड चोवीस तास. आउटपुटचा पिरियड तोच राहिला पण उंची कमी झाली आणि काही तास उशिरा आलं, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड (उंची) घटला आणि फेज (लाटेची वेळेतली जागा) मागे पडला. आणि मधेच दहा मिनिटं ढग आला तर ते आत कळतही नाही, म्हणजे वेगाने बदलणारं स्लॅब गाळून टाकते आणि सावकाश बदलणारं आत येऊ देते. लो पास फिल्टर. त्या रात्री ती गच्चीवर पाणी मारताना एकटीच बोलून राहिली होती की आता इनपुट बदललं तर आउटपुट कधी बदलेल.

हेच मग किटवर पाहिलं, १० किलोओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक पुशबटन. आर गुणिले सी म्हणजे ०.१ सेकंद. ट्रिगर (काय ते खाली सांगतो) सिंगलवर, म्हणजे एकदाच चित्र धरायला, ठेवला, बटन दाबलं, आणि रेघ आधी झपकन आणि मग हळूहळू वर चढत नऊच्या जवळ जाऊन टेकली. नऊचे ६३ टक्के म्हणजे ५.७ व्होल्ट, तिथपर्यंत यायला ०.११ सेकंद लागले. ०.१ का नाही आलं म्हणून ती अडली, तेव्हा सांगितलं की इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरची व्हॅल्यू वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असते, त्यावर जे छापलंय ते अगदी तेवढंच नसतं. बॅटरी काढून रेझिस्टरमधून डिस्चार्ज केला तर रेघ खाली येऊन शून्याकडे विझत गेली, तो एनर्जी सिग्नल, एकूण ऊर्जा मर्यादित. आणि ट्रान्सफॉर्मरची लाट जी कधी थांबतच नाही असं आपण धरतो तो पॉवर सिग्नल, एकूण ऊर्जा अमर्याद पण सरासरी पॉवर मर्यादित. व्याख्येत इन्फिनिटीची लिमिट घेऊन जे लिहिलेलं असतं ते या दोन चित्रांत आहे.

बटनाचीच आणखी एक गंमत. पुस्तकातला युनिट स्टेप म्हणजे शून्यावरून सरळ एकवर उडी. कॅपॅसिटर काढून नुसतं बटन दाबलेलं पाहिलं, टाइमबेस (स्क्रीनचं एक घर किती वेळाचं ते) एका घराला एक मिलिसेकंदाच्या आसपास, तर उडी सरळ नाहीच, कंगव्याच्या दातांसारखी चार-पाच वेळा वरखाली होऊन मग स्थिर. आतले धातूचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटून उसळतात ते. ती पुढे मायक्रोकंट्रोलर शिकेल तेव्हा एकदा दाबलेलं बटन तीनदा का मोजलं गेलं हा प्रश्न तिला पडणार नाही.

टाइम शिफ्टिंगचं सांगायचं राहिलं. एक्स ऑफ टी मायनस दोन म्हटलं की मायनस आहे म्हणून सिग्नल डावीकडे सरकवणारी मुलं दरवर्षी असतात, ही पण त्यातच होती. मी म्हटलं, गाडी दोन तास लेट आहे. नागपूर स्टेशनला जे आठ वाजता व्हायचं होतं ते दहाला होईल. म्हणजे दहा वाजता काय दिसेल? दहा वजा दोन, आठचं दृश्य. वेळेच्या रेघेवर दहा हे आठच्या उजवीकडे, म्हणून मायनस असून उजवीकडे. आणि एक्स ऑफ दोन टी म्हणजे तू लेक्चर टू एक्सवर पाहते ते, एक तासाचं अर्ध्या तासात संपतं, म्हणून आकुंचन पावतो, पसरत नाही. यानंतर तिची या भागात एकही चूक झाली नाही, आणि किटवर होरिझाँटल पोझिशनचं बटन दाबून रेघ सरकवताना ती स्वतःच "लेट... लेट... वेळेच्या आधी" असं म्हणायची.

आता कमी कुठे पडतं. सेकंदाला दहा लाख सॅम्पल हा आकडा मोठा वाटतो पण नियम असा की सिग्नलमध्ये जी सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी असेल तिच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घ्यावे लागतात, नायक्विस्ट या इंजिनिअरच्या १९२८ च्या कामात याचा पाया आहे आणि शॅनन या गणितज्ञाने १९४९ मध्ये तो नीट मांडला. म्हणजे या किटची कागदावरची हद्द पाच लाख हर्ट्झ, आणि आतलं अ‍ॅनालॉग सर्किट तर २०० किलोहर्ट्झलाच दमतं. १०० किलोहर्ट्झची चौकोनी लाट दिली तर ती गोलसर दिसते, कारण तिची तिसरी हार्मोनिक ३०० वर आणि पाचवी ५०० वर, त्या आतपर्यंत नीट पोचतच नाहीत. रेडिओचा मिडियम वेव्ह बँडच ५३० किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतो, तोही याच्या बाहेर. एसएमपीएस (चार्जर, टीव्हीतला वेगाने स्विच होणारा सप्लाय) किंवा इन्व्हर्टरच्या बोर्डावरचे धारदार पल्स पाहायचे असतील तर हे तुम्हाला खोटं चित्र दाखवेल, म्हणूनच वर म्हटलं की धंद्यासाठी घेऊ नका.

पण त्याहून सावध राहायची गोष्ट अशी की हे कमी वारंवारतेलाही फसवू शकतं. टाइमबेस खूप हळू केला की ते सॅम्पलही कमी वेगाने घेतं, आणि मग बोर्डावरचाच १ किलोहर्ट्झचा टेस्ट सिग्नल एखाद्या संथ लाटेसारखा दिसायला लागतो. बहिणीने हे पाहून तासभर डोकं लावलं. शेवटी खिडकीतल्या कूलरने सोडवलं. कूलरच्या पंख्याचा मोबाइलने व्हिडिओ काढा, समजा मोटर मिनिटाला १३५० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला साडेबावीस, पाती चार, तर एका जागेवरून सेकंदाला नव्वद पाती जातात. मोबाइल सेकंदाला तीस फोटो काढतो. प्रत्येक फोटोच्या मधे बरोबर तीन पाती सरकतात, म्हणून व्हिडिओत पंखा थांबलेला, आणि वेग थोडा कमी झाला तर उलटा हळूहळू फिरताना दिसतो, पाणी भरलेलं, वारा येऊन राहिला, आणि पंखा उलटा. हेच एलियासिंग, कमी सॅम्पलमुळे वेगवान लाट संथ दिसणं. ९०० हर्ट्झची साइन सेकंदाला हजार सॅम्पलने घेतली तर ती १०० ची वाटेल आणि नुसते सॅम्पल पाहून कुणालाही फरक सांगता येणार नाही. म्हणून या किटवर नेहमी वेगवान टाइमबेसपासून सुरुवात करा आणि हळूहळू मंद करत या, उलट नको.

दुसरी तक्रार नॉइजची. मी जो स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर घेतला होता (कंपनीचं नाव देत नाही) त्याने रेघ केसाळ दिसायची, काहीच जोडलं नसताना रेघेवर बारीक काटे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लावलं की तीच रेघ स्वच्छ. बॅटरी जास्त टिकत नाही, त्यामुळे शेवटी ट्रान्सफॉर्मरवाला जुना जड अ‍ॅडॉप्टर मिळवला, त्यावर चांगलं चालतंय. सोबत येणारी मगरीच्या तोंडाची क्लिप असलेली वायर पण साधीच आहे, बारीक सिग्नलला आजूबाजूची गुणगुण उचलते, वायर जवळ आणि आखूड ठेवा. केस नसल्यामुळे बोर्ड उघडा राहतो, आम्ही मिठाईच्या प्लास्टिक डब्याला खिडकी कापून बसवलाय. दुपारच्या उजेडात स्क्रीन नीट दिसत नाही, संध्याकाळीच बसा. ट्रिगरची बटनं छोटी आहेत आणि सुरुवातीला लाट स्क्रीनवर पळतच राहते, थांबत नाही, तेव्हा घाबरू नका. झोक्याला धक्का द्यायचा तर दर वेळी तो एकाच ठिकाणी आल्यावर देतो ना, तसं लाट एका ठराविक व्होल्टेजला, चढताना किंवा उतरताना, आली की तिथूनच चित्र काढायला सुरुवात करायची, तो ट्रिगर. त्या गुलाबी त्रिकोणाची लेव्हल लाटेच्या उंचीच्या आत आणली की लाट गपकन थांबते.

सुटं घ्यायचं की तयार, असं मला दोघातिघांनी विचारलं. ज्याने कधी सोल्डरिंग गन धरली नाही त्याने तयारच घ्यावं, पार्ट्स जोडण्यात सिग्नल शिकायचा उत्साह संपायला नको. ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे आणि शिकवणारं कुणी घरात आहे त्याने सुटं घ्यावं. सोबत एकाच फेरीत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, ब्रेडबोर्ड, दोन-चार रेझिस्टर-कॅपॅसिटर आणि पुशबटन घेऊन टाका, पुन्हा बर्डीची चक्कर वाचते. डायोडचा ब्रिज लावून लाटेचा खालचा भाग वर उलटलेला आणि ५० चे १०० हर्ट्झ झालेले नक्की पाहा, आणि त्यानंतर कॅपॅसिटर लावून कपलिंगचं स्विच (स्थिर व्होल्टेजही दाखवायचं की फक्त बदलणारं ते ठरवणारं) एकदा डीसीवर, एकदा एसीवर करा, डीसीवर वर चढलेली जवळपास सपाट रेघ दिसेल, एसीवर तीच रेघ मधे येईल आणि एका घराला कमी व्होल्ट केले की तिच्यातला बारीक रिपल (उरलेली चढउतार) करवतीच्या दातांसारखा उघडा पडेल.

आमच्याकडे सध्या त्याला एक जुना मायक्रोफोन जोडलेला आहे. बहीण "आ" आणि "ई" म्हणून दोन्हीच्या लाटा वहीत उतरवून राहिली आहे, सूर तोच, पिरियड तोच, आकार वेगळा, आणि काल तिने आईलाही "ई" म्हणायला लावलं.